सिनेमातला नवा शिक्षक आणि आठवड्याचे तीस तास

प्रश्न असा आहे: बदनाम शाळेत नवा शिक्षक येतो, पोरं त्याला पहिल्याच दिवशी रडकुंडीला आणतात आणि शेवटी अख्खा वर्ग त्याच्या बाजूने उभा राहतो. अशा सिनेमांत खरं किती असतं? विचारणाऱ्या बाई येत्या सत्रात अशाच एका शाळेत रुजू होणार आहेत आणि तयारी म्हणून असे पाच-सहा सिनेमे बघून बसल्या आहेत.

मी 28 वर्षं गणित शिकवते. त्यातली बरीचशी वर्षं अशा शाळांत गेली, जिथे रुजू झाल्या झाल्या कोणीतरी कानात सांगतं, "जमेल तितक्या लवकर बदली मागून घ्या." अलीकडे नव्या शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसणं आणि तास संपल्यावर त्यांच्याशी बोलणं हेही माझ्याकडे आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

माझं मत असं की या सिनेमांतले प्रसंग बहुतेक खरे असतात. खोटा असतो तो हिशेब. किती दिवस लागले, किती वर्ग होते, मदतीला कोण होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, हे सगळं पडद्याबाहेर ठेवलेलं असतं. आणि नव्या माणसाला नेमकं तेच माहीत हवं असतं.

आधी जमेची बाजू. 1955 च्या 'ब्लॅकबोर्ड जंगल'मधल्या नव्या शिक्षकाचं आडनाव डेडिए. पोरं बघता बघता त्याचं 'डॅडी-ओ' करून टाकतात. हे अगदी खरं. माझ्या पहिल्या वर्गाने तिसऱ्या दिवशी माझ्या आडनावाचं जे काही केलं ते इथे लिहिता येणार नाही, पण यमक चोख होतं. नवा माणूस किती ताणला जातो हे बघायचं असतं पोरांना. त्यात तुमच्याबद्दल वैर नसतं, तुम्ही कोण आहात हे त्यांना अजून माहीतही नसतं. हा भाग सिनेमांना बरोबर कळलेला आहे.

दंग्याचं स्वरूप मात्र ते चुकवतात. पडद्यावर दंगा म्हणजे फेकलेल्या खुर्च्या, चाकू, गल्लीत गाठून केलेली मारहाण. असं कुठेच घडत नाही असं मी म्हणणार नाही. पण नव्या शिक्षकाला जेरीस आणतात त्या फार बारीक गोष्टी. तोंड मिटून काढलेला 'घूंऽऽ' असा आवाज घ्या. चाळीस तोंडं बंद, चाळीस चेहरे निष्पाप आणि आवाज चालूच. तुम्ही डावीकडे वळलात की तो उजवीकडून येतो. ठरलेल्या मिनिटाला सगळ्यांची पेनं एकदम खाली पडतात. एक जण पाणी प्यायला जाऊ का विचारतो, तो परत यायच्या आत पुढचे आठ हात वर. यातल्या कशाचीच तक्रार मुख्याध्यापकांकडे नेता येत नाही. सांगणार काय, पेन पडलं म्हणून? मला चाकू कधी दिसला नाही. त्या 'घूं'ने मात्र पहिल्या सत्रात दोनदा घरी येऊन रडले आहे.

आता हिशेबाकडे येते.

सिनेमातल्या शिक्षकाला वर्ग एकच असतो. पंचवीस-तीस मुलं, त्यातल्या चार-पाच जणांच्या घरच्या कहाण्या, बाकीचे हसायला आणि टाळ्या वाजवायला. माझ्या पहिल्या वेळापत्रकात आठवड्याचे तीस तास होते आणि सहा तुकड्या. सरासरी छत्तीस मुलं धरली तरी दोनशेच्या वर नावं होतात. त्यातली एक तुकडी खरोखर वांड होती, तीन साध्यासुध्या, एक हुशार आणि एक इतकी गप्प की त्यांना काही समजतंय की नाही हेच कळायचं नाही. दुसऱ्या तासाला वांड तुकडीशी झुंजून आलेली बाई तिसऱ्या तासाच्या गरीब पोरांवर डाफरते, हे मी कुठल्याच सिनेमात पाहिलेलं नाही. पहिल्या वर्षीचा माझा सगळ्यात मोठा अपराध तोच असावा. वांड पोरांनी मला माफ केलं, बिचाऱ्या तिसऱ्या तासाने केलं की नाही माहीत नाही. 2007 चा 'फ्रीडम रायटर्स' एरिन ग्रुवेल या खऱ्या शिक्षिकेवर आहे. तिच्या विद्यार्थ्यांच्या रोजनिशांचं जे पुस्तक निघालं, ते दीडशे मुलांचं आहे. पडद्यावर दिसते ती एक खोली.

संख्येपेक्षा मोठी लबाडी काळाची. गणितवाली म्हणून मला हमखास विचारतात ते 1988 च्या 'स्टँड अँड डिलिव्हर'बद्दल. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातली गारफील्ड हायस्कूल, शिक्षक हाइमे एस्कलांते. 1982 मध्ये त्यांची 18 मुलं कॅल्क्युलसच्या, म्हणजे बीजगणिताच्या बऱ्याच पुढच्या गणिताच्या, वरच्या दर्जाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. परीक्षा घेणाऱ्यांना त्यातल्या 14 जणांवर कॉपीचा संशय आला. 12 जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही उत्तीर्ण झाले. हे सगळं खरं घडलेलं आहे आणि सिनेमा पाहताना अजूनही घशाशी काहीतरी येतं.

पण सिनेमा पाहणाऱ्याला वाटतं की एक नवखा माणूस आला, त्याने साध्या अपूर्णांकांवर अडलेली पोरं हाताशी धरली आणि दोनेक वर्षांत कॅल्क्युलसला नेऊन सोडली. खरे एस्कलांते नवखे नव्हतेच. अमेरिकेत येण्याआधी बोलिव्हियात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं होतं. गारफील्डमध्ये ते 1974 ला आले. कॅल्क्युलसचा पहिला वर्ग सुरू व्हायलाच चार-पाच वर्षं गेली आणि त्यात मुलं होती मूठभर. म्हणजे रुजू झाल्यापासून त्या गाजलेल्या परीक्षेपर्यंत आठ वर्षं. मधल्या काळात खालच्या वर्गांचं बीजगणित सुधारायचं काम चालू होतं, कारण वरच्या वर्गात पोचणारं मूल तयार होऊन यायला हवं. हेन्री ग्रॅडिलास नावाचे मुख्याध्यापक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तेही या गोष्टीतलं एक मोठं पात्र. खालच्या वर्गाचं बीजगणित आणि मुख्याध्यापकांचा पाठिंबा यांवर कोण तिकीट काढणार, हे मला समजतं. पण नवी शिक्षिका पहिल्या वर्षाच्या शेवटी स्वतःला त्या सिनेमाशी ताडून बघते आणि म्हणते, माझ्याच्याने झालं नाही. अहो, त्यांच्याच्यानेही पहिल्या वर्षी झालेलं नव्हतं.

त्याच सिनेमात ते डोक्याला टोपी लावून, हातात सुरा घेऊन सफरचंदं कापत टक्केवारी शिकवतात. मी दुसऱ्या वर्षी हे करून पाहिलं. अर्ध्या तुकडीला पुरतील इतकी सफरचंदं नेली. तीन मिनिटं वर्ग माझ्याकडे टक लावून बघत होता. पाव, अर्धा, पाऊण करत मी टेबलावर मांडत गेले. मग मागच्या बाकावरून "बाई, आमच्या रांगेला?" असा प्रश्न आला आणि पुढच्या मिनिटाला सफरचंद संपलं, अपूर्णांक राहिला. टेबल चिकट झालेलं, पुढच्या तासाचे शिक्षक दारात उभे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आडवी पट्टी काढली, तिचे आठ भाग केले, वहीत प्रत्येकाला तशीच काढायला लावली. कंटाळवाणी होती, पण पट्टी कोणी खाल्ली नाही.

सिनेमातल्या भाषणाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. अशा प्रत्येक गोष्टीत एक क्षण येतो. शिक्षकाचा संयम सुटतो किंवा तो फळ्याकडे पाठ करून क्षणभर गप्प होतो, मग वळून पोरांशी पहिल्यांदा 'खरं' बोलतो. संगीत हळू होतं, सगळ्यात दांडगट पोरगा मान खाली घालतो. तिथून वर्ग सुधारतो.

दोनेक वर्षांपूर्वी एका नव्या शिक्षकाच्या तासाला मी मागे बसले होते, तेव्हा त्याने अस्संच भाषण केलं. मनापासून केलं आणि छान केलं. तुम्हाला कोणी वाया गेलेले म्हणत असतील, मी म्हणणार नाही, वगैरे. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तास संपल्यावर तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. मला काही बोलवेना. दुसऱ्या दिवशी, तोच वर्ग, तोच तास, चौथ्या मिनिटाला 'घूं'. तो इतका खचला की दोन दिवस रजेवर गेला. भाषण न करता दंगा झाला असता तर त्याला इतकं लागलं नसतं. काम झालंय असं त्याला वाटलं होतं, म्हणून लागलं. पोरं आदल्या दिवशी गप्प बसली ती कुतूहलापोटी. बदलायचं त्यांनी काही ठरवलंच नव्हतं.

जेकब कौनिन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांच्या वर्गात एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत बसला होता, त्याला ते रागावले, तर आजूबाजूचे ज्यांना काहीच बोललं नव्हतं तेही सावरून बसले. त्यावरून त्यांना कुतूहल वाटलं की कोणत्या पद्धतीने रागावलं तर जास्त उपयोग होतो. पुढे बरीच वर्षं त्यांनी शाळांतल्या वर्गांचं चित्रण करून ते बारकाईने तपासलं. 1970 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. निष्कर्ष त्यांच्या अपेक्षेच्या उलटा होता: मुलांनी गडबड केल्यानंतर शिक्षक काय करतो, यात वर्ग सांभाळू शकणारे आणि न शकणारे यांच्यात फारसा फरक दिसला नाही. फरक होता तो गडबड व्हायच्या आधी काय चाललेलं असतं त्यात. वर्गात कुठे काय शिजतंय हे शिक्षकाला समजतं आणि समजतंय हे मुलांनाही दिसतं का? एका कामातून दुसऱ्यात जाताना तास अडखळतो का? एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष राहतं का? आता यातलं पडद्यावर काय दाखवणार? जी गडबड झालीच नाही, तिचा प्रसंग लिहिता येत नाही. म्हणून सिनेमाला गडबडीनंतरचं भाषण लागतं.

एक उदाहरण देते. एका नव्या बाईंचा वर्ग रोज पहिल्या दहा मिनिटांत हाताबाहेर जायचा आणि मग तासभर परत यायचा नाही. त्यांना वाटत होतं की आपला आवाज लहान आहे, आपल्याला धाक नाही. मी घड्याळ घेऊन मागे बसले. त्या आत आल्या, तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि एकेक नाव पुकारून वह्या वाटू लागल्या. अडतीस वह्या, अकरा मिनिटं. या अकरा मिनिटांत एक जण वही घ्यायला उठलेला आणि सदतीस जण रिकामे. रिकामा माणूस काय करणार? तिसऱ्या मिनिटाला कुजबुज, पाचव्याला खडूचा तुकडा उडाला, आठव्याला त्या ओरडल्या, अकराव्याला त्यांचा आवाज बसला. पोरांत दोष काढावा असं मला काही दिसलं नाही. मी त्या जागी असते तर मीही खडू फेकला असता.

आम्ही दोनच गोष्टी बदलल्या. वह्या रांगेप्रमाणे लावून पहिल्या बाकावर ठेवायच्या, त्यांनी मागे द्यायच्या. आणि मुलं आत येतील तेव्हा फळ्यावर दोन गणितं आधीच लिहिलेली, बसलं की सोडवायला लागायचं, कोणी सांगेपर्यंत थांबायचं नाही. पहिला आठवडा गोंधळातच गेला, कारण नवी सवय लागायच्या आधी जुनी मोडावी लागते. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेले तेव्हा 'घूं' तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांवर आला होता. चमत्कार म्हणावा असं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "पण यात मी काय केलं?" सिनेमे पाहून आलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. 2023 च्या 'द टीचर्स लाउंज' या जर्मन सिनेमात नवी शिक्षिका तासाची सुरुवात मुलांबरोबर ठरलेल्या तालात टाळ्या वाजवून करते, तेव्हा मी एकटीच खुर्चीत पुढे सरकून बसले असेन. शेवटी कोणीतरी तासाची पहिली तीस सेकंदं दाखवली!

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2002 चा 'दहावी फ'. नापासांची म्हणून ओवाळून टाकलेली तुकडी, रागाच्या भरात केलेली मोडतोड आणि शिक्षक पोरांना त्या नुकसानीची भरपाई स्वतः कष्ट करून करायला लावतो. तिथेही भावनेला हात घालणारे प्रसंग आहेत, पण पोरांना वळण लागतं ते काम अंगावर पडल्यामुळे. हे मला पटतं.

पुस्तक फेकून देणं हा आणखी एक ठरलेला प्रसंग. 1967 च्या 'टू सर, विथ लव्ह'मध्ये सिडनी पॉइटिए या नटाने रंगवलेला शिक्षक पाठ्यपुस्तकं कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि मुलांना सांगतो की आता आपण आयुष्याबद्दल बोलू. (हाच पॉइटिए त्याआधी बारा वर्षं 'ब्लॅकबोर्ड जंगल'मध्ये विद्यार्थी होता. एका माणसाची बढती इतकी ठळक दिसणं विरळाच.) त्या गोष्टीत ते चालून जातं, कारण ती मुलं शाळा सोडण्याच्या बेतात आहेत, पुढे परीक्षेची टांगती तलवार नाही. तुमच्या वर्गाला परीक्षा असेल. शिवाय नव्या शिक्षकाला रोज पाच-सहा तास डोक्यातून काढून शिकवायचे झाले तर तो पंधरा दिवसांत आडवा होईल. पाठ्यपुस्तक कितीही रटाळ असलं तरी पहिल्या वर्षी ती काठी आहे, टेकत चाला.

तसंच प्रश्न विचारण्याचं. सिनेमात शिक्षक प्रश्न टाकतो आणि मागच्या बाकावरून, कधीही न बोललेल्या पोराकडून, लाखमोलाचं उत्तर येतं. मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली संभाषणं मोजली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येतात आणि जास्त मुलं बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. दंगेखोर वर्गासमोर गप्प उभं राहून मोजून बघा, युग वाटतं.

शिक्षकखोलीबद्दल सिनेमांचा एक आकस आहे. नायक सोडून बाकीचे सगळे आळशी, कडवट, नाहीतर कारस्थानी. 'फ्रीडम रायटर्स'मधल्या विभागप्रमुख बाई मुलांना नवी पुस्तकं द्यायला तयार नसतात. अशी माणसं असतात, नाही म्हणत नाही. मला पहिल्याच दिवशी "दगडाला पाझर फुटायची वाट बघू नका" म्हणणारे भेटले होते. पण मला वाचवलं तेही त्याच खोलीतल्या माणसांनी. एक वयस्क खेळाचे शिक्षक, तोंडाने अतिशय फटकळ, दोन आठवडे माझ्या चौथ्या तासाला दारासमोरच्या व्हरांड्यात काहीतरी काम काढून उभे राहत होते. आत कधी आले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. ते माझ्यासाठी उभे होते हे मला सहामाहीनंतर कळलं. आणि कोणाच्या घरी सध्या काय चाललंय हे शाळेत सगळ्यात आधी माहीत असायचं ते कार्यालयातल्या लेखनिकांना. एकटा नायक दाखवायचा म्हटल्यावर ही माणसं कथेतून काढावीच लागतात. पण तुम्ही ती तुमच्या पहिल्या वर्षातून काढलीत तर तगणार नाही.

'डेंजरस माइंड्स' (1995) हा सिनेमा मला एरवी फारसा पचत नाही. पहिल्याच दिवसांत कराटे, मग चॉकलेटं, मग करमणूक उद्यानाची सहल. लाच देऊन वर्ग शांत करता येतो, पण मग रोज द्यावी लागते. त्यात एक प्रसंग मात्र काळीज चिरणारा आहे. जीव धोक्यात असलेला मुलगा शिक्षिकेचं ऐकून मुख्याध्यापकांकडे जातो आणि दार न ठोठावता आत आला म्हणून ते त्याला परत पाठवतात. तो पुढे मारला जातो. दुष्टपणा नाही, वैर नाही, एक शिस्तीचा नियम, बस्स. शाळा मुलांना गमावतात त्या बऱ्याचदा अशा. कागदी कारभाराचा हाच धागा 1967 च्या 'अप द डाउन स्टेअरकेस'मध्ये सिनेमाभर आहे. नाव एका शेऱ्यावरून आलंय: उतरायच्या जिन्याने वर गेला म्हणून एका मुलाला शिक्षा. त्यात एक मुलगी शिक्षकाला प्रेमपत्र लिहिते आणि तो तिच्यासमोर त्यातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करतो. वह्या तपासून तपासून माणसाचं जे होतं ते याहून भयंकर कोणी दाखवलेलं नाही.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. 'ब्लॅकबोर्ड जंगल'ची कादंबरी लिहिणाऱ्या इव्हान हंटरने न्यूयॉर्कच्या एका व्यवसायशिक्षण शाळेत अगदी थोडे दिवस शिकवलं होतं. 'अप द डाउन स्टेअरकेस' लिहिणाऱ्या बेल कॉफमन यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. पहिल्यात चाकू आहे, दुसऱ्यात परिपत्रकं आहेत. लेखक वर्गात जितका जास्त टिकलेला, तितका त्याचा नायक लहान होत जातो, असं मला दिसतं.

या सिनेमांतली सगळ्यात घातक शिकवण त्यागाची आहे. 'फ्रीडम रायटर्स'मध्ये पुस्तकांसाठी नायिका आणखी दोन नोकऱ्या धरते, नवरा सोडून जातो आणि सिनेमा हे चांगल्या शिक्षिकेचं मोल म्हणून दाखवतो. खऱ्या ग्रुवेलबाई त्या शाळेत 1994 ते 1998, म्हणजे चारेक वर्षं होत्या. ती तुकडी शाळेतून बाहेर पडली आणि त्याही पुढे विद्यापीठात शिकवायला गेल्या. त्यांना मी अजिबात नावं ठेवत नाही. पण असं जळणं चार वर्षांच्या पुढे जात नाही, हे लक्षात घ्या. नव्या शिक्षकांना साहाय्य करण्याचं काम कॅलिफोर्नियात उभं करणाऱ्या एलेन मॉयर यांनी 1990 मध्ये पहिल्या वर्षाचे टप्पे मांडले: आधी हुरूप, मग कसंबसं तगून राहणं, मग निराशेची गर्ता, मग पुन्हा उभारी, शेवटी मागे वळून पाहणं. निराशा साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येते. मी नव्या लोकांना रुजू होतानाच त्या सुमारास दिनदर्शिकेवर खूण करायला सांगते. तोवर झोप उडालेली असते, पहिल्या पेपरांचा गठ्ठा पडलेला असतो, पालकांच्या भेटी असतात आणि घसाही बसलेला असतो. माझ्या माहितीतले जे सोडून गेले, त्यातल्या बहुतेकांनी ठरवलं ते याच आठवड्यांत. त्यांच्यात प्रेमाची कमतरता नव्हती, झोपेची होती.

राहिला शेवट. सिनेमातलं मूल एकदा बदललं की बदललं. माझ्या वर्गातला एक मुलगा, अंगापिंडाने थोराड, दोनदा नापास झालेला. एका मंगळवारी त्याने फळ्यावर येऊन समीकरण सोडवलं, स्वतःहून. मी घरी जाताना गाणं गुणगुणत गेले. बुधवारी त्याने मला भर वर्गात शिवी दिली. गुरुवारी आलाच नाही. असं चार महिने चाललं, दोन पावलं पुढे आणि कधी दीड मागे, कधी अडीच. मग घरच्यांनी गाव बदललं, दाखला काढून नेला. पुढे काय झालं मला माहीत नाही. माझ्या अशा कहाण्यांपैकी निम्म्यांचा शेवट मला माहीत नाही.

म्हणून मला 2008 चा फ्रेंच 'आंत्र ले म्यूर' सगळ्यात जवळचा वाटतो. फ्रांस्वा बेगोदो स्वतः शिक्षक होता, त्याने पुस्तक लिहिलं आणि सिनेमात शिक्षकाची भूमिकाही त्यानेच केली. मुलं खऱ्या शाळेतली. कान महोत्सवात त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. त्यात शिक्षक चुकतो. रागाच्या भरात दोन मुलींबद्दल नको तो शब्द वापरतो, प्रकरण चिघळतं, त्या गदारोळात भलताच एक मुलगा शिस्तपालन समितीपुढे उभा राहतो आणि शाळेतून जातो. वर्षाच्या शेवटी सगळे काय शिकले ते सांगत असतात. तास संपल्यावर एक मुलगी थांबते आणि सांगते की ती वर्षभरात काहीच शिकली नाही. दंगा न करणारी, वर्षभर कोणाच्या डोळ्यांत न भरलेली मुलगी. मी तो प्रसंग थांबवला आणि माझ्या त्या गप्प तुकडीतली नावं आठवायचा प्रयत्न केला. सात आठवली. वांड तुकडीतली आजही सगळी सांगेन.

तर बाई, सिनेमे बघा, पण हा आणि 'टीचर्स लाउंज' हे दोन शेवटी बघा, म्हणजे डोक्यात तेच राहतील. सत्र सुरू व्हायच्या आधी हजेरीपट मिळतो का विचारा आणि नावं पाठ करायला लागा, आधी गप्प मुलांची. तास कसा सुरू होणार हे मिनिटामिनिटाने लिहून काढा, कसा संपणार हेही. घसा सांभाळा. शिक्षकखोलीत सगळ्यात फटकळ कोण आहे ते बघून ठेवा आणि त्यांच्या शेजारी बसा. आणि पिशवीत सहा जादा पेनं ठेवा, स्वस्तातली, कारण "पेन नाही, बाई" हे तासाला एकदा तरी ऐकू येणार आणि त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा पेन देणं परवडतं. संध्याकाळी मोजाल तेव्हा दोन परत आलेली असतील. पहिल्या आठवड्यात एकही येणार नाही.